रफ म्हणजे खडबडीत

धावड्यातल्या आमच्या घरात इंग्रजी मी आणलं. रोज सकाळी तासभर चालत शेजारच्या गावच्या हायस्कूलात जायचं आणि संध्याकाळी तेवढंच चालत परत यायचं, अशा वाटेने ते आमच्याकडे आलं. त्याआधी घरात मराठी होती, आणि बाजारापुरती, साहेबापुरती थोडी उर्दू. मी आठवीत होते. संध्याकाळी मी हातपाय धुऊन चुलीजवळ बसले की बा विचारायचा, "आज काय शिकलीस?" मग मी दिवसभरातले दोन-तीन शब्द सांगायचे. बा ते तोंडात घोळवायचा. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण शब्द त्याच्या लक्षात राहायचे. दिवसभर सडकेच्या कामावर खडी फोडताना तो ते बरोबरच्या माणसांना ऐकवायचा, असं मागाहून कळलं.

घर धाब्याचं, दोन खणांचं. पुढच्या खणात चूल, मागच्यात धान्याची कणगी आणि आमची अंथरुणं. समोरच्या आळीत डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की तिची फुक्-फुक् भिंतीतून अंगात यायची, आणि बंद झाली की कानात पोकळी झाल्यासारखं व्हायचं. गिरणी असूनही मायने जातं सोडलं नव्हतं. गिरणीच्या पिठाची भाकरी तोंडात चिकटते, असं तिचं म्हणणं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, असं आमचं रात्रीचं जेवण. पाहुणे आले तर येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी. मला आजही येसर भाजल्याचा वास आला की पाहुणे आले असं वाटतं, आणि पाहुणे आले की थोडी भीती वाटते. त्याचं कारण पुढे येईल.

मोठी बहीण इंदू, मी तिला अक्का म्हणायचे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत सातवी पास झाली आणि मग मायबरोबर कापूस वेचायला, निंदायला जाऊ लागली. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मास्तरच नव्हते, त्यामुळे तिचं इंग्रजी एबीसीडीपाशी थांबलं. तिचे हिशेब, पत्रं, धड्यांमधल्या कविता सगळं माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी तेव्हाही जाणून होते.

अक्काच्या तोंडावर देवीचे व्रण होते. कपाळ, गाल, हनुवटी, नाकाचा शेंडासुद्धा. बाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव नदीला सोडले, त्यानंतर वर्षा-दीड वर्षात तिला देवी आल्या. ती तेव्हा दोन-तीन वर्षांची. गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. देव घालवले आणि देवी आली, हे वाक्य मी लहानपणी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते एखाद्या म्हणीसारखं वाटायचं. बा मात्र त्या आजाराला कधी देवी म्हणाला नाही. तो 'रोग' म्हणायचा. "रोग व्हता, आला आन गेला," एवढंच. माझा जन्म त्यानंतरचा. मला वेळेवर टोचलं होतं. माझं तोंड गुळगुळीत.

टोचणारे सय्यदभाई जालन्याहून यायचे. सरकारी नोकर, सायकल एसटीच्या टपावर टाकून आणायचे आणि मग गावोगाव फिरायचे. त्या काळात देवी कुठे लपून राहिली आहे का, याचा घरोघर शोध चालला होता. त्यांच्याजवळ एक रंगीत कार्ड असायचं, त्यावर अंगभर फोड आलेल्या पोराचं चित्र. ते दाखवून विचारायचे, असं कुणाला झालंय का? बायका दार लावून घ्यायच्या. म्हणून त्यांनी बाला विचारून अक्काला बरोबर घ्यायला सुरुवात केली. अक्का दारात उभी राहिली की बायका उघडायच्या. कधीकधी सय्यदभाई कार्ड काढायचेच नाहीत, अक्काकडे नुसती मान करायचे. पोराला टोचून घ्या, न्हाईतर बघा. हे मला आज फार विचित्र वाटतं. तेव्हा घरात कुणाला वाटलं नाही, आणि अक्कालाही वाटत नसावं, कारण त्या दिवसांत ती खुशीत असायची. घरी येऊन सांगायची, आज इतक्या पोरांना टोचलं, अमकीचं पोर रडलं नाही, तमकीने गूळ-शेंगदाणे दिले.

नर्सच्या शिक्षणाचं सय्यदभाईंनीच काढलं. जालन्याला सरकारी शाळा आहे, राहायची सोय आहे, सातवी पास मुलगी चालते. अर्ज त्यांनीच कुणाकडून तरी भरून घेतला. मुलाखतीला बा आणि अक्का पहाटेच्या एसटीने गेले आणि संध्याकाळी परतले. अक्काने मला चारदा सांगितलं, आत तिघं होते, मधल्या बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुला देवी कधी आल्या? घरी कोण कोण आजारी पडलं होतं? तू त्यांच्याजवळ होतीस का? बाई चांगल्या होत्या, ती म्हणाली. बाने जुन्या जालन्यातून तिच्यासाठी एक पांढरी साडी आणली होती. नर्सला पांढरी लागते असं त्याने कुठून तरी ऐकलं होतं.

पंधरा-वीस दिवस काही कळलं नाही. सय्यदभाईंनाही शोधमोहिमेसाठी दुसऱ्या तालुक्यात पाठवलं होतं. मग एका संध्याकाळी एसटीचा कंडक्टर बाच्या हातात चार घड्या केलेला एक कागद देऊन गेला. जालन्याच्या टोचणीवाल्या साहेबाने दिलाय, एवढंच तो म्हणाला, आणि गाडी हलली. बाने कागद घरी आणून माझ्यापुढे धरला. माय भाकरी थापत होती. अक्का सुपात ज्वारी घेऊन बसली होती.

कागद हाताने लिहिलेला, सगळा इंग्रजीत. वर दोन ओळींचं शीर्षक, त्यातले लांबलचक शब्द मी कधी पाहिले नव्हते. खाली नावं. पहिलंच नाव अक्काचं. ते मी मोठ्याने वाचलं तेव्हा अक्काने सूप खाली ठेवलं. त्या नावाच्या उजव्या अंगाला, लाल पेन्सिलीने, खाली रेघ मारून एकच शब्द लिहिला होता. बाकी कुठल्या नावापुढे काही नव्हतं. आणि तो शब्द मला येत होता. त्याच आठवड्यात वाघ सरांनी शिकवला होता. उलट अर्थाचे शब्द चालले होते. सरांनी एका पोराला बाहेरून दगड आणायला लावला, दुसऱ्याकडून पाटी घेतली, आणि प्रत्येकाला दोन्हींवरून बोट फिरवायला लावलं. दगड रफ, पाटी स्मूथ. लिहिताना 'जी-एच' आणि म्हणताना 'फ', म्हणून तो शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला होता.

"काय लिव्हलंय?" बाने विचारलं.

"रफ," मी म्हणाले. "रफ म्हणजे खडबडीत."

मी हे शाळेत उत्तर द्यावं तसं म्हटलं. मला उत्तर येत होतं याचा आनंद माझ्या आवाजात होता, तो मला अजून ऐकू येतो. मग अक्काच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय वाचलं आहे. तव्यावरची भाकरी करपली. माय ती उलटायची विसरली होती.

अक्काने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "बराबरच लिव्हलंय की," ती म्हणाली आणि ज्वारीतले खडे निवडू लागली.

बाने कागद माझ्या हातून घेऊन उलटा केला. मागच्या बाजूला निळ्या शाईने चार-पाच ओळी उर्दूत लिहिल्या होत्या. सय्यदभाई मराठी बोलायचे, पण लिहायचे उर्दूत. आधीही त्यांच्या एक-दोन चिठ्ठ्या आल्या होत्या आणि बाने त्या पानाच्या दुकानातल्या तांबोळीचाचांकडून वाचून घेतल्या होत्या. आताही तो उठला, पायात चपला घातल्या. अक्काने मान वर न करता म्हटलं, "बा, कशाला गावभर करता? जे लिव्हायचं ते पुढं लिव्हलंच हाये." बा दारातून मागे फिरला. मग त्याने चपला काढल्या आणि कागद आढ्याच्या फटीत खोचून ठेवला. त्या रात्री सगळे जेवले. करपलेली भाकरी मायने आपल्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवसापासून अक्का डोक्यावरचा पदर पुढे ओढू लागली. इतर काही बदललं नाही. ती कामाला जायची, यायची, पाणी भरायची, माझे केस विंचरायची. पण मायने मनात काही ठरवलं होतं. अंबडहून एक स्थळ सांगून आलं होतं, ते महिनाभर नुसतंच पडून होतं. तिथल्या कोर्टात शिपाई असलेला बिजवर, त्याला चार वर्षांची मुलगी. पोर सांभाळायला बाई पाहिजे होती, रूप बघणार नाही, असा निरोप होता. बा तोवर नको म्हणत होता. आता तो काही म्हणाला नाही. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं, आणि इतकी पानं मी गिरणी आणि येसर यांत घालवली.

कागद आल्यानंतर आठवड्याने आमची गणिताची चाचणी होती. वाघ सरांनी फळ्यावर पाच उदाहरणं लिहिली आणि उजव्या अंगाला उभी रेघ मारून वर इंग्रजीत दोन शब्द लिहिले. त्यातला पहिला तोच. तीच अक्षरं, उजव्याच बाजूला. मला उदाहरणं सुचेनात. चाचणी संपल्यावर मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, खडबडीत काम म्हणजे काय?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की या शब्दाला तो एकच अर्थ नाही. जे अजून पक्कं झालं नाही, ज्यावर अजून हात फिरवायचा आहे, त्यालाही रफ म्हणतात. आपण कच्ची वही म्हणतो ना, ती रफ वही. कच्चा हिशेब, कच्चा मसुदा, कच्ची यादी. कागदावर कोपऱ्यात रफ लिहिलं की समजायचं, हा कागद कच्चा आहे, पक्का वेगळा होणार.

पुढे मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हा शब्द मी किती वर्गांना शिकवला असेल ते सांगता येणार नाही. रफ रस्ता, रफ कापड, रफ माणूस, रफ अंदाज. मुलं वही उघडताना बोलून जातात, "बाई, रफमध्ये करू का?" मी हो म्हणते. इतका सोपा शब्द आहे.

त्या दिवशी घरी येताना तासभर मी एकटी चालत होते. अक्काच्या नावापुढचा शब्द अक्काबद्दल नसून कागदाबद्दल असेल, हे मला त्या वाटेवरच कळलं होतं. 'असेल' असं मी आता लिहिते आहे ते सवयीने. तेव्हा मला खात्री होती. घरी गेल्यावर सांगायचं, एवढंच काम होतं. पण घरी पोचले तर माय भिंतींना पांढरी माती लावत होती आणि अंगणात येसर भाजल्याचा वास होता. अंबडचे पाहुणे परवा यायचे होते. बाने विचारलं, "आज काय शिकलीस?" मी म्हणाले, "आज चाचणी व्हती. काही न्हाई शिकवलं."

का सांगितलं नाही, याचा मी पुष्कळदा विचार केला. पोर होते, घाबरले, हे खरं आहे. पण घाबरले कशाला? मला कुणी मारलं नसतं. त्या घरात माझ्या शब्दाला वजन होतं. खडी फोडणारी माणसं बाच्या तोंडून माझे शब्द ऐकत होती. ते वजन जाईल, याची मला भीती वाटली. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही, आणि आता शोधायचीही इच्छा नाही.

पाहुणे आले, आमटी-भात जेवले, सुपारी फुटली. अक्काला साडी आणि चांदीची अंगठी दिली. त्या माणसाने आपली मुलगी बरोबर आणली होती. ती लगेच अक्काच्या मांडीवर जाऊन बसली. मला तो माणूस वाईट वाटला नाही. तो फार कमी बोलला.

त्यानंतर तीन-चार आठवडे गेले असतील. एका सकाळी सय्यदभाई सायकल हातात धरून दारात आले आणि आत न येताच म्हणाले, "पोरगी का आली न्हाई? बाईसाहेब मला बोलल्या. मी वाट बघून राह्यलो."

बा आत गेला आणि आढ्यातून कागद काढून आणला. सय्यदभाईंनी तो उलटा केला आणि मागचा मजकूर वाचून दाखवला, अर्धा उर्दूत, अर्धा मराठीत. ही कच्ची यादी आहे. पक्की यादी साहेबांच्या सहीला गेली आहे. तुमच्या मुलीचं नाव सगळ्यात वर आहे. येत्या एक तारखेला दाखले घेऊन तिला हजर करा, उशीर करू नका. एक तारीख केव्हाच होऊन गेली होती. तिच्या जागी खालच्या नावाची मुलगी घेतली होती.

"मंग ह्ये रफ?" बाने बोट ठेवून विचारलं. "ह्ये तर तिच्या तोंडाचं लिव्हलंय म्हणले."

कोण म्हणालं, ते त्याने सांगितलं नाही. सय्यदभाई कट्ट्यावर बसले. "अरे भाई, रफ म्हणजे कच्चं," ते म्हणाले. "आणि तोंडाचं म्हणता? तिचं नाव वर कामून आलं? ज्याला देवी येऊन गेल्या त्याला परत होत न्हाईत. बाईसाहेब बोलल्या, ऐसीच लडकी हमको होना. फोड आलेल्या पेशंटजवळ बिलकुल न डरता बसंल ती."

अक्का दाराच्या आत उभी होती. ती बाहेर आली, सय्यदभाईंच्या हातातून कागद घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या. तिला त्यातली एकही बाजू वाचता येत नव्हती. मग तिने विचारलं, "पुढच्या वर्षी घेतील?"

"घेतील. पण लगीन झालेली चालत न्हाई."

अक्का बाकडे वळली. "बा, मला त्या घरी जायचं न्हाई," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट असावी.

दिलेला शब्द मोडणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. आजही नाही. माय रडली, मग तिने साडी आणि अंगठी फडक्यात बांधून दिली. अक्का म्हणाली, मी बरोबर येते, मी सांगते त्यांना. बा म्हणाला, "न्हाई. शब्द म्या दिल्ता." तो एकटाच अंबडला गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला. डोक्याला पटका नव्हता, काखेत होता. मायने विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, भूक न्हाई. पुढे कधीतरी एका नात्यातल्या बाईने सांगितलं की कोर्टाच्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्या माणसाच्या चुलत्याने बाला पटका काढून पायांवर ठेवायला लावला होता. नवरामुलगा मान खाली घालून बाजूला उभा होता. बाने त्यानंतर पटका बांधला नाही. मरेपर्यंत टोपी घातली. मला त्यावरून एक शब्दही बोलला नाही. पण चुलीजवळ बसून आज काय शिकलीस, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी अक्का पुन्हा मुलाखतीला गेली. तोवर देवी देशातून संपल्या होत्या. तिच्या तोंडाचा आता कुणाला उपयोग नव्हता. यादीत तिचं नाव खालून दुसरं होतं, पण होतं. बाने आणलेली पांढरी साडी नेसूनच ती जालन्याला गेली. नंतर तिने परतूर, घनसावंगी, अंबड अशा तालुक्यांत तीस-एक वर्षं काढली. तिच्या हातून जन्मलेली माणसं आज बाजारात तिच्या पाया पडतात. लग्न तिने केलं नाही. त्या चार वर्षांच्या मुलीबद्दल ती कधीमधी विचारायची, कुठे दिली असेल, काय करत असेल.

निवृत्तीनंतर ती अंबडलाच राहिली. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. मी तिला सांगून टाकलं. मला अर्थ माहीत झाला होता, सय्यदभाई यायच्या कितीतरी आधी, आणि मी गप्प राहिले. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. सत्तरीच्या बाईला अशा गोष्टींचं काय, असं मी येताना बसमध्ये स्वतःला समजावलं होतं.

तिने हातातली पाकळी पूर्ण सोलली. "किती आधी?" तिने विचारलं.

"सुपारीच्या दोन दिवस आधी."

"म्हंजे एक तारीख व्हायची व्हती."

"हो. सहा दिवस व्हते."

ती उठली. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, कपबशी वाजली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एकच कप होता. ती माझ्याजवळ बसली नाही, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि रस्त्याकडे बघत तिने चहा संपवला.

"माझं वरीस गेलं ते गेलं," ती म्हणाली. "बाला अंबडला यावं लागलं नसतं."

मी सहाच्या एसटीने जालन्याला परत आले.